मिझुहारा कुठून सुरू करायचा

"आबा, मिझुहारा कुठून सुरू करायचा, तुम्हीच सांगा," अर्जुना म्हणाला, आणि हंबीररावांचा दाढीचा ब्रश फेसासकट गालावरच थांबला. मुलाने विचारलं ते अगदी सहज, पाहुण्याला चहात साखर किती टाकू म्हणून विचारावं तसं. गुरुवारची सकाळ होती. विश्रामबागेतल्या त्या दोन खोल्यांच्या घरात सायक्लोस्टाइलच्या स्टेन्सिलच्या मेणाचा वास सुटला होता, कारण अर्जुना जेवणाच्या टेबलावर आपल्या फिल्म सोसायटीचं टिपण लिहीत बसला होता. कॉलेजात तो इतिहास शिकवायचा आणि उरलेला जीव या सोसायटीपायी आटवायचा. पुण्याहून एस.टी.च्या टपावरून पत्र्याच्या डब्यांत परदेशी चित्रपट यायचे, आणि महिन्यातून एका रविवारी सकाळी नऊला भाड्याच्या थिएटरात पाऊणशे माणसं ते बघायची. मिझुहारा हा कोणी जपानी दिग्दर्शक. त्याचे तीन चित्रपट मिळण्यासारखे होते आणि सांगलीने आजवर त्याचा एकही पाहिलेला नव्हता. पहिलाच चुकीचा निवडला तर पुढच्या दोघांकडे कुणी फिरकणार नाही, ही अर्जुनाची काळजी. "एक तलवारींचा आहे," तो बोटांवर मोजत म्हणाला, "एक सैनिकांचा, लढाईतला. आणि एक नावाड्याचा. घरगुती आहे, त्यात तसं काही होतच नाही. तुम्ही जपान्यांत राहिलाय. चित्रपटानंतर तुम्ही दोन शब्द बोलणार हे मी टिपणात घालतोय, तेव्हा सुरुवातही तुम्हीच ठरवा."

जपान्यांत राहिलाय! जणू आबा मेव्हण्याकडे चार दिवस आंबे खायला जाऊन आले होते. हंबीररावांना राग आला नाही. राग यायलासुद्धा अंगात काही शिल्लक लागतं, आणि अलीकडे सकाळी उठल्यापासूनच त्यांना दमल्यासारखं वाटायचं. बायको साळूबाई गेली, कडेगावचा ऊस भाऊ लालासाहेबांच्या गळ्यात घालून ते मुलाकडे आले, त्याला आता दोन वर्षं होत आली होती. दोन वर्षं माणूस नुसता बसून राहिला तर ताजातवाना व्हायला हवा. पण नाही. आणि पोराचा तरी काय दोष? त्याने जे ऐकलं होतं ते असंच होतं. महायुद्धात जपान्यांच्या कैदेत काढलेल्या दिवसांच्या गोष्टी आबा रंगवून सांगायचे. पाली भाजून कशा खाल्ल्या, बुटाचं कातडं उकडून त्याचा रस्सा कसा केला, जपानी हवालदाराची पॅन्ट माकडाने कशी पळवली. गावच्या पारावर, लग्नाच्या मांडवात, सगळीकडे या गोष्टींना मागणी असायची आणि लोक पोट धरधरून हसायचे. गोष्टी खोट्या नव्हत्या. फक्त त्या सगळ्या निवडून घेतलेल्या होत्या, आणि निवडताना एकच गोष्ट पाहिलेली होती, की तिच्यात कुठेही बिराप्पा येता कामा नये. तीस वर्षं ते कैद सांगत आले ती बिराप्पाला वळसा घालून. "कुठलाबी लाव," ते म्हणाले आणि पुन्हा फेस करू लागले. "मग नावाड्याचाच," अर्जुना खूश होऊन म्हणाला. "त्यात बंदूक नाही, मारामारी नाही. तुम्हालाही त्रास नको." पोरगं तसं समजूतदार. आरशात गालावरचा फेस वाळत चालला होता आणि हंबीरराव विचार करत होते की रविवार यायला अजून तीन दिवस आहेत, तीन दिवसांत माणसाला ताप येऊ शकतो, पाय मुरगळू शकतो. मग ताप या शब्दाशी ते थबकले आणि वस्तरा उचलून घाईघाईने दाढी करू लागले.

कारण ताप हा शब्द त्यांनीच वापरला होता. बिराप्पाच्या बायकोला, धोंडुबाईला, त्यांनी सांगितलं होतं की तुझा नवरा तापाने गेला. शेहेचाळीस साली, सुटून आल्यावर महिन्याभरात, ते जतच्या अलीकडच्या त्या वस्तीवर मुद्दाम गेले होते. सरकारी कागद तिला आधीच पोचला होता, पण कागदात कसा मेला ते नव्हतं. ती चारेक वर्षांच्या पोराला काखेत घेऊन उभी होती, त्या पोराला बापाने पाहिलंही नव्हतं. "तरास झाला का वं?" तिने विचारलं. "न्हाई," हंबीरराव म्हणाले, "ताप आला नि झोपंतच गेला." तिने त्यांना तांब्याभर ताक दिलं, आणि ते ताक त्यांनी प्यायलं. पुढे तीस वर्षांत ते त्या रस्त्याला गेले नाहीत. एकदा लालासाहेबांनी जतच्या बाजाराला बैल बघायला चल म्हटलं तर पोटात दुखतंय म्हणून हे घरी राहिले, आणि खरंच पोटात दुखत होतं.

बिराप्पा धनगर होता. दुष्काळात मेंढरं मेली म्हणून पलटणीत आलेला, अंगाने धिप्पाड, पण आकड्यांचं नाव काढलं की मान खाली घालणारा. सिंगापूर पडलं, सगळे धरले गेले, जहाजात कोंबून त्यांना दक्षिणेकडच्या एका बेटावर नेलं, तिथे विमानांसाठी मैदान सपाट करायचं काम होतं. रोज पहाटे रांगेत उभं करून जपानी शिपाई ओरडायचा, "बांगो!" म्हणजे मोजणी. पहिल्याने 'इची' म्हणायचं, दुसऱ्याने 'नी', तिसऱ्याने 'सान्', आणि असं पन्नासाच्याही पुढपर्यंत ज्याचा त्याने आपला आकडा जपानीत ओरडायचा. चुकला की थोबाडीत, अडखळला की लाथ. बाकीचे आठवड्याभरात शिकले; मार हा मास्तर चांगला. बिराप्पा शिकला नाही. "गड्या, तू मेंढरं कशी मोजत हुतास रं?" हंबीररावांनी वैतागून विचारलं होतं. "मोजतंय कोण?" तो म्हणाला, "सांजच्याला नुसतं बघायचं. जे न्हाई ते कळतंय की." तोंड सुजून तो काळानिळा पडू लागला तेव्हा हंबीररावांनी एक युक्ती काढली. सगळे आकडे येत नाहीत ना, मग एकच शिकायचा. का कोण जाणे, अडतीस त्याच्या जिभेवर बसला. सान्जूहाची. बावीस दिवस दगड फोडताना, गवत उपटताना, शौचाला बसतानासुद्धा बिराप्पा तेवढंच घोकत राहिला. आणि मग हंबीररावांचं काम सुरू झालं. पहाटे शिपाई यायच्या आत रांगेवरून पळती नजर टाकायची, डोकी मोजायची, आपण सदतिसाव्या जागेवर उभं राहायचं आणि बिराप्पाला दंडाला धरून शेजारी ओढायचं. रात्रीत कोणी मेला, कोणी आजारी पडला की सगळं एक-दोन घरांनी सरकायचं, मग चार जणांना इकडून तिकडे ढकलायचं, त्यांच्या शिव्या खायच्या. रांगेत वळवळ दिसली म्हणून दोनदा हंबीररावांनीच मार खाल्ला होता. पण रोज बिराप्पा छाती काढून आपला आकडा ओरडायचा आणि सुटायचा. असे चार महिने गेले.

त्या सकाळी काहीसुद्धा विशेष नव्हतं. हेच तीस वर्षं त्यांना कळत नव्हतं, की काहीच विशेष नव्हतं. हंबीररावांना ताप नव्हता, भांडण झालेलं नव्हतं. फक्त जाग आल्याबरोबर त्यांना वाटलं, पुरे झालं. रोज हेच कोण करणार? रांगेच्या सुरुवातीला जो उभा राहील त्याला मोजणीनंतर पेजेच्या हंड्याजवळ आधी जायला मिळायचं, आणि वरची पेज पाणचट असली तरी ती ऊन ऊन असायची. ते जाऊन चौथे उभे राहिले. बिराप्पा त्यांना शोधत रांगेवरून मान वळवत होता, ते त्यांनी पाहिलं आणि समोर बघू लागले. मोजणी सुरू झाली. त्यांनी चाराचं 'शी' म्हटलं. पुढे आकडे रांगेवरून धावत गेले, सदतीस झाला, अडतीस कोणीतरी म्हणाला, एकोणचाळीस, चाळीस, आणि मग बिराप्पाचा आवाज आला, मोठा, स्वच्छ, सगळ्या रांगेत कोणाचा नव्हता इतका शुद्ध: "सान्जूहाची!" शिपायाला वाटलं हा आपली टर उडवतोय. त्याने पुन्हा विचारलं. बिराप्पाने पुन्हा तेच सांगितलं, आणखी मोठ्याने, कारण त्याला वाटलं असणार की आवाज कमी पडला. बंदुकीच्या दस्त्याने त्याला मारलं. चौथ्या दिवशी तो गेला. हंबीररावांनी त्या सकाळी पेज प्यायली होती, ती ऊन होती.

रविवारी सकाळी ताप आला नाही आणि पायही मुरगळला नाही. सून अंजना म्हणाली, "आबा, कोट घाला की, आज तुमचा मान हाय," आणि त्यांनी कोट घातला. थिएटरच्या दारांना काळे पडदे ओढले होते, तरी फटीतून उन्हाची एक पट्टी येऊन पहिल्या रांगेवर पडली होती. बँकेतले, कॉलेजातले, साखर कारखान्यातले काही लोक, वकील, दोन डॉक्टर. हंबीरराव कडेच्या खुर्चीवर बसले, म्हणजे उठून जाता येईल. चित्रपट सुरू झाला आणि पहिलाच जपानी शब्द कानावर पडला तसे त्यांनी खुर्चीचे दोन्ही हात घट्ट धरले. पण पाच मिनिटं गेली, दहा गेली, कोणी ओरडलं नाही. एक म्हातारी चुलीपाशी बसून मुलाशी बोलत होती, मुलगा वल्ह्याला तेल लावत होता, आणि दोघंही इतकं हळू बोलत होती की हंबीररावांना पुढे वाकून ऐकावं लागलं. ही भाषा हळू आवाजात बोलता येते हेच त्यांना माहीत नव्हतं. साडेतीन वर्षं त्यांनी ती ऐकली होती ती फक्त ओरडण्यातून. खाली इंग्रजी अक्षरं येत होती आणि जात होती, ती वाचायचं काही कारण नव्हतं. म्हातारीने मुलापुढे भाताचा वाडगा ठेवला आणि तो खाताना ती त्याच्याकडे बघत बसली. त्यांच्याही घरी असं होतं तर, हंबीरराव मनात म्हणाले. म्हणजे तो शिपाईसुद्धा असाच जेवत असणार. त्यांना त्याची दया आली नाही, रागही आला नाही; फक्त खूप दमल्यासारखं झालं, आणि असं वाटलं की अर्जुनाने हे तिसऱ्या खेपेला दाखवायला हवं होतं. आधी तलवारी, मग लढाई, मग हे. तलवारींपुढे माणूस सावध तरी बसतो. इथे ते हात सैल सोडून बसले होते.

मग नाव सुटायची वेळ झाली. नावाडी फळीच्या टोकाशी उभा राहून चढणाऱ्या माणसांना मोजू लागला. इची, नी, सान्. कृष्णेच्या घाटावर सांगलवाडीला जाणारी नाव भरते तशीच ती नाव भरत होती, कोणाच्या डोक्यावर पाटी, कोणाच्या पाठीवर पोर. तो मोजत होता आणि प्रत्येकाच्या खांद्याला हात लावून आत सोडत होता. हंबीररावांच्या ओठांची हालचाल त्यांना न विचारता सुरू झाली होती. वीस, तीस. पस्तीस. छत्तीस. सदतिसाव्याला एक बाई चढली, नावाड्याकडे बघून थांबली, आणि तो तिच्याकडे बघत राहिला. बहुतेक जुनी ओळख होती, काय ती खालच्या अक्षरांत असेल. तो पुढचा आकडा विसरला. पडद्यावर नदी नुसती वाहत होती, मागची माणसं खोळंबली होती, आणि कोणीच काही म्हणत नव्हतं. किती वेळ? दोन-तीन श्वास असतील. पण कोणीतरी सांगायला पाहिजे होतं त्याला, इतकी माणसं उभी होती, एकानेही सांगू नये? "सान्जूहाची!" हंबीरराव ओरडले. पुढच्याच क्षणी पडद्यावरचा नावाडी भानावर येऊन हसला आणि त्याने तोच आकडा म्हटला, जसा काही याने सांगितलेला ऐकूनच. सगळं थिएटर हसलं. कोणीतरी टाळी वाजवली. "वा, आबा!" अंधारातून अर्जुनाचा आवाज आला, त्यात एवढं कौतुक होतं की हंबीररावांनी डोळे मिटून घेतले, ते चित्रपट संपेपर्यंत उघडले नाहीत.

दिवे लागले, अर्जुनाने त्यांना पुढे बोलावलं. पाऊणशे चेहरे हसून तयार होते. इथेच सांगायचं, त्यांनी ठरवलं, इतक्या लोकांपुढे सांगितलं की परत फिरवता येणार नाही. "माझ्याबरोबर एक मानूस हुता," त्यांनी सुरुवात केली. समोरच्या डॉक्टरांनी मान डोलावली. "एक मानूस हुता," ते पुन्हा म्हणाले, "त्येनं एकदा काय केलं, हवालदाराची पॅन्ट वाळत टाकली हुती, तर माकडानं..." आणि पुढे ती गोष्ट आपली आपणच चालू लागली, गेल्या तीस वर्षांत चालली तशी. लोक हसले. खूप हसले. हंबीररावांनी नमस्कार केला.

बाहेर ऊन डोळ्यांत घुसत होतं. अर्जुना सायकल हातात धरून शेजारून चालत होता आणि म्हणत होता की आबांनी कार्यक्रम जिंकला, आता मिझुहाराच्या पुढच्या चित्रपटाला शंभर माणूस येणार. लिंबाच्या सावलीत हंबीरराव थांबले. "अर्जुना, माझ्या शेजारी एक बिराप्पा म्हणून हुता," ते म्हणाले, आणि या वेळी ते कुठेही वळले नाहीत. बोलायला फार वेळ लागला नाही. तीस वर्षांची गोष्ट पाच मिनिटांत संपली याचं त्यांना नवल वाटलं. अर्जुनाने सायकल झाडाला टेकवली. तो इतिहासाचा माणूस, त्याला लगेच बोलता आलं. "आबा, ती परिस्थितीच तशी होती. मारलं त्या शिपायानं, तुम्ही नाही. एक दिवस तुम्ही वेगळ्या जागी उभे राहिलात, त्याचं असं होईल याची तुम्हाला काय कल्पना?"

"कल्पना न्हवती म्हणू नगंस," हंबीरराव म्हणाले. "त्येला एकच आकडा येत हुता, ह्ये जगात मला एकट्यालाच ठावं हुतं. त्यो मला हुडकत हुता, मी बघितलं. बघून तोंड फिरवलं."

"घरी कोण आहे त्यांच्या?" अर्जुनाने हळू विचारलं.

"बायको. तिला मी ताप सांगितला." त्यांनी कोट काढून मुलाच्या हातात दिला. "जतची गाडी साडेबाराला हाय. अंजनाला म्हणावं, जेवायला थांबू नगंस."

"मी येतो बरोबर."

"नगं. तू असलास तर मी तुझ्याकडं बघून सांगीन, नि तिला सांगायचं ऱ्हाऊन जाईल."

गाडीत ते बसून होते, झोप येत होती आणि लागत नव्हती. कवठ्याच्या पुढे ऊस संपला, मग झाडं संपली. फाट्यावर उतरून तासभर चालावं लागलं. वस्तीवर आता दोन घरं जास्त झाली होती. धोंडुबाई अंगणात बसून लोकर कातत होती, केस पांढरे झाले होते, पण त्यांनी तिला ओळखलं आणि तिने त्यांना. "पलटणीतलं पावणं," ती म्हणाली. "बसा." ते उभेच राहिले. बसलं की पाणी येईल, पाणी आलं की ते प्यावं लागेल. उभ्या उभ्याच त्यांनी सगळं सांगितलं. रांग, आकडा, पेजेचा हंडा, आपण फिरवलेलं तोंड. तिच्या हातातली चाती केव्हा थांबली ते त्यांना दिसलं नाही, कारण ते जमिनीकडे बघत होते. शिव्या देईल, त्यांना वाटलं. किंवा म्हणेल, जाऊ द्या, झालं गेलं. दोन्हींची त्यांनी तयारी केली होती.

"म्हंजी ताप न्हवता," धोंडुबाई म्हणाली.

"न्हवता."

"कधीच न्हवता?"

"न्हाई."

ती म्हणाली, "माझं पोरगं अठरा वरसाचं हुतं. पलटणीत जातो म्हणून पाय धरलं त्येनं माझं. दोन सांजा जेवला न्हाई. मी म्हटलं, तितं ताप असतोय, तुझ्या बापाला झोपंत गिळला. न्हाई जाऊ दिला. घरात कुणाचं अंग तापलं की मी रातभर बसून ऱ्हायाची, डोळा लागू द्यायची न्हाई त्येंचा. मारून उठवायची. लेकराला झोपू द्यायची न्हाई मी, पावणं. तीस वरसं." तिने चाती जमिनीवर ठेवली. "मारानं मेला म्हणला असतासा तर काय झालं असतं? रडली असती, नि संपलं असतं."

बिराप्पाचा हिशेब हंबीररावांनी इतकी वर्षं मनात घोळवला होता, पण हे दुसरं त्यांना कधी सुचलंच नव्हतं. लांबून मेंढरं परत येताना दिसत होती आणि त्यांच्या मागे एक धिप्पाड माणूस चालत येत होता, तिशी ओलांडलेला. त्यांनी एकदाच तिकडे पाहिलं. "निघतो," ते म्हणाले.

"आता म्हागारी गाडी न्हाई," धोंडुबाई उठत म्हणाली. "भाकरी टाकते. ओसरीला घोंगडं हाय, पडा तितं. सकाळच्याला पोरगं फाट्यावर सोडंल." दारात जाऊन ती थांबली, पण वळली नाही. "फकस्त माझ्यासंगं बोलू नगासा."

ती आत गेली आणि थोड्या वेळाने पीठ मळल्याचा आवाज येऊ लागला. हंबीरराव ओसरीवर बसले.